काढलं कुणी?

क्लबच्या गोलरक्षकाचं वय झालं होतं, गुडघाही कुरकुरत होता. एका संध्याकाळी सराव संपल्यावर कोचने त्याला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या हातात असतं ना, तर तुला आणखी खेळवलं असतं रे. पण संघात कोण राहणार, ते मॅनेजरसाहेब ठरवतात."

गोलरक्षक जिना चढून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "मी तर तुझ्याच बाजूचा! पण खेळातलं सगळं कोच बघतात. त्यांनाच तू नको असशील, तर मी बोलणारा कोण?"

घरी येऊन त्याने पडेल चेहऱ्याने बायकोला सगळं सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती थांबली.

"म्हणजे दोघांनाही तुम्ही हवे आहात. मग काढलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी तो हातमोजे चढवून नेहमीसारखा गोलपोस्टसमोर उभा राहिला. कोचने वर मॅनेजरच्या खिडकीकडे पाहिलं. मॅनेजरने वरून कोचकडे पाहिलं. 'तुम्हीच सांगा' असं दोघांनी एकमेकांना हाताने खुणावलं. कुणीच सांगेना, तेव्हा कोचने शिट्टी वाजवून सराव सुरू केला.

त्या मोसमात अंतिम सामन्यातली शेवटची पेनल्टी त्याने अडवली आणि क्लबने चषक जिंकला. पत्रकारांनी कोच आणि मॅनेजरला गाठून विचारलं, "या वयाच्या गोलरक्षकाला संघात ठेवायचा धाडसी निर्णय कुणाचा?"



"माझा!" दोघंही एकदमच म्हणाले.