भुयार नसल्याचा पुरावा

आमच्या गावच्या जुन्या दगडी देवळातनं थेट गडावर भुयार जातं, हे मोबाईलवरच्या एका व्हिडिओनं सगळ्यांना पटवलं. भुयाराचं तोंड शोधायला गाभाऱ्याची फरशी उखडायचं ठरलं. कॉलेजात इतिहास शिकवणारे मगदूम सर आडवे आले. फरशी निघाली तर नऊशे वर्षांचं देऊळ खचेल, ही त्यांना धास्ती.

"भुयार असेल तर गडाच्या पायथ्याशीही लागेल," सर म्हणाले. "तिथं खणा. नाही लागलं तर फरशीला हात लावायचा नाही."

सरपंच सयाजीरावांनी देवळासमोर शब्द दिला.

पायथ्याला खणलं. नुसता मुरूम.

"सर, जरा देवळाच्या दिशेनं आत खणत जाऊन बघू की," सयाजीराव म्हणाले.

आत गेले. पुन्हा मुरूम.

"अजून जरासं."

सर दरवेळी हो म्हणत गेले, कारण दरवेळी त्यांचंच खरं ठरत होतं. खोटं वाटंल पावणं, पण पहारी झिजून झिजून दाभणाएवढ्या झाल्या. शेवटी एका सकाळी खणणाऱ्यांना डोक्यावर आरतीची घंटा ऐकू आली. वर गाभारा होता. आणि गडापासून इथवर भुयार सोडाच, उंदराचं बीळसुद्धा लागलं नव्हतं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. देऊळ वाचलं होतं.

सयाजीरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि आपण आलो त्या लांबलचक अंधाराकडं वळून बघितलं.



"आता हे भुयार न्हाय तर काय हाय, सर? चला रे, फरशी काढून तोंड मोकळं करू या."