नाकाची डॉक्टर

"सरका, सरका! नाकात मणी गेलाय!" असं ओरडत आजोबा नातीला काखोटीला मारून थेट तपासणीच्या खोलीत घुसले. बाहेर बाकांवर ताटकळलेली माणसं कुरकुरली, पण आजोबांचा चेहरा बघून गप्प बसली. मणी नातीच्या नाकात होता. धाप मात्र आजोबांना लागली होती.

आतल्या डॉक्टरीणबाई म्हणजे आजोबांचीच मुलगी आणि या मणीवालीची आई. नाक-कान-घसा हे त्यांचं खातं. क्षणभर त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. पण अशी नाकं त्या रोज बघत. बटणं, वाटाणे, खोडरबराचे तुकडे, मुलांना काहीही चालतं. त्यांनी कपाळावर दिवा चढवला, आणि दिव्याबरोबर चेहऱ्यावर डॉक्टरही चढला.

"बस इथे. मान वर. तोंडाने श्वास घे. नाक ओढायचं नाही."

मुलगी शहाण्यासारखी उंच खुर्चीत बसली. घाबरलेली वगैरे मुळीच दिसत नव्हती. उलट बऱ्याच दिवसांनी कुणाकडे पाहुणी आल्यासारखी ऐटीत इकडेतिकडे बघत होती.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" डॉक्टरीणबाईंनी आजोबांना झापलं. हे वाक्य पोराला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याकडून फुकट मिळे.

"अगं, समोरच बसलो होतो! मला सांगून घातला हिने. म्हणाली, आईला विचारलंय."

"मला?"

"सकाळी विचारलं ना," मुलगी म्हणाली. "तू फोनवर होतीस. मी म्हटलं, आई, नाकात मणी घालू? तू म्हणालीस, हं, चालेल, पण लवकर आटप."

सिस्टर भिंतीकडे वळल्या आणि ट्रेमधली हत्यारं उगाचच सरळ करू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टरीणबाई नाकात डोकावल्या. मणी उजव्या नाकपुडीत होता, निळा, चकचकीत, चांगलाच आत. असला गुळगुळीत मणी चिमट्याने धरायला गेलं की आणखी आत सरकतो. त्यावर पहिला उपाय ठरलेला. मुलाच्या आईने त्याच्या तोंडावर तोंड ठेवायचं, मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची आणि जोरात फुंकर मारायची. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. शिवाय आईला मूल घाबरत नाही.

"सिस्टर, आधी फुंकर मारून बघू," दिवा नीट करत त्या म्हणाल्या. "आईला आत पाठवा."

कोणी हललं नाही.

"अहो, आई कुठे आहे हिची? बोलवा ना पटकन!"

"मॅडम," सिस्टर हळूच म्हणाल्या, "आल्यात त्या."

आजोबांना राहवेना. "अगं, तूच की ती!"

डॉक्टरीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी हातमोजे काढून टाकले आणि मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"का घातलास गं मणी? खरं सांग."

"दात दाखवायचा होता."

"दात?"

"हलतोय माझा. पहिलाच. मी तुला रोज सांगते आणि तू म्हणतेस, नंतर बघू. आजोबा म्हणाले, आई दाताची डॉक्टर नाही, नाकाची आहे." एवढंही कळत नाही का, अशा सुरात मुलीने खुलासा केला. "म्हणून मग नाकात घातला."

"मी आपलं गमतीत म्हटलं होतं," आजोबा पुटपुटले.

 डॉक्टरीणबाईंनी वाकून पहिली फुंकर मारली, पण "गुदगुल्या होतात!" म्हणत मुलगी फिदीफिदी हसली आणि सगळी हवा फुकट गेली. दुसऱ्या फुंकरीला मात्र मणी सुटला, डॉक्टरीणबाईंच्या गालावर आपटला आणि टेबलाखाली गडगडत गेला.

"निघाला! निघाला!" आजोबांनी दार उघडून बाहेर जाहीर केलं. बाकांवरच्या लोकांना आनंद झाला, पण तो मण्याचा नव्हता. आता आपला नंबर लागणार म्हणून सगळे सावरून बसले.

"मॅडम, पुढचा पेशंट घेऊ?" सिस्टरनी विचारलं.

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा हात सवयीने नव्या हातमोज्यांकडे गेलाही होता.

तो 'हं' मुलीच्या चांगला ओळखीचा होता. ती खुर्चीतून उतरली नाही. तिने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

"आई, डाव्या नाकपुडीत पण आहे."

आजोबा मटकन स्टुलावर बसले. "अरे देवा! आणखी एक?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वाकून पाहिलं. डावी नाकपुडी लख्ख मोकळी होती, थेट शेवटपर्यंत. मुलगी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर कोणीतरी मुद्दाम खाकरलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "फारच आत गेलाय. सिस्टर, बाहेर सांगा, जरा वेळ लागेल."

मग कपाळावरचा दिवा बंद करून त्यांनी आजोबांना उठवलं आणि ते स्टूल ओढून मुलीच्या अगदी समोर बसल्या.

"आ कर बघू."