चार नो बॉल

माईक हातात आला आणि नसरुद्दीनने त्यावर उगाच दोनदा टिचकी मारली.

जुम्म्याची नमाज आटोपून सारा गोतावळा सौदीतल्या राबिघ शहरातल्या एका हॉलमध्ये जमला होता. रत्नागिरीकडची कोकणी बिऱ्हाडं होती, रिफायनरीतले पुण्या-नाशकाचे इंजिनियर होते. सत्कार होता नसरुद्दीनच्या धाकट्या लेकाचा, हाशिरचा. हाशिर जपानमध्ये बेसबॉल खेळून पोट भरतो. यंदा तिथे तो वर्षाचा सर्वोत्तम पिचर ठरला. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. पण तिकडे कोपर वाकवून भिरकावला तरी चालतो. क्रिकेटमध्ये ते पाप.

हाशिर नुकताच बोलून बसला होता. "पंधरा वर्षांपूर्वी अब्बांनी माझे चार चेंडू नो बॉल दिले. कोपर वाकतंय म्हणाले. पोटच्या पोरालाही सवलत दिली नाही. त्या दिवशी मी क्रिकेट सोडलं, म्हणून आज हा पुरस्कार आहे."

"असा पंच पुन्हा होणे नाही!" म्हणत पुण्याच्या विजयकुमारने नसरुद्दीनच्याच खांद्यावर शाल चढवली. ती शाल त्याला काट्यांसारखी टोचू लागली.

राबिघच्या मैदानावर रिवाज असा, की पंच फलंदाजी करणाऱ्या संघाने द्यायचा. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या फायनलला फलंदाजी कोकणाची, म्हणून पंच नसरुद्दीन. विजयकुमारच्या संघात एक गडी कमी पडला, म्हणून चौदा वर्षांचा हाशिर त्यांच्याकडून गोलंदाजी करत होता. कोकणाची शेवटची जोडी, हव्या होत्या चार धावा. चार नो बॉल, चार धावा, खेळ खलास. कुणी हूं की चूं केलं नाही. बाप का पोरावर खोटा आळ घेईल?

कोपर सरळ होतं, हे एकट्या नसरुद्दीनला ठाऊक होतं. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं. आता बोलावं, तर लेकाच्या नजरेतून कायमचं उतरावं लागणार. गप्प बसावं, तर ही शाल घरी न्यावी लागणार.

"बोला ना आता!" पहिल्या रांगेतून त्याची बायको रईसा खेकसली. "घरात तर तोंड मिटत नाही तुमचं."

नसरुद्दीनने डोळे मिटले. "हाशिर, बाळा, तुझं कोपर काठीसारखं सरळ होतं रे. आम्हाला चार धावा हव्या होत्या."

विजयकुमार ताडकन उठला. "म्हणजे तो कप आमचा! नसरुद्दीनभाई, आधी ती शाल काढा!"

हशा उसळला. नसरुद्दीन मात्र लेकाकडेच बघत राहिला. हाशिर उठला, हसत हसत स्टेजवर आला आणि त्याने बापाच्या खांद्यावर हात टाकला.

"मला तेव्हाच ठाऊक होतं, अब्बा. म्हणून तर बेसबॉल धरला. तिकडे पंच कुणाचा बाप नसतो."