बाकड्याची उंची

उखानं करवत उजेडाकडे धरली आणि अंगठ्याच्या नखानं दाते मोजले. एका इंचात सात.

“मोजस काय? लूमनी फणी शे का ती?” धुडकू म्हणाला.

धुडकू सुरतेच्या उधन्यातल्या त्या लाकडाच्या दुकानातला म्हातारा सुतार. मूळचा उखासारखाच खानदेशी, पारोळ्याकडचा, त्यामुळे उखाला इथे गुजराती झाडावी लागत नव्हती. उखा रातपाळी संपवून यंत्रमागाच्या कारखान्यातून थेट दुकानात आला होता. बारा तास उभं राहून पायांचे खांब झाले होते. कानांत अजून लूम चालूच होते, म्हणून तो गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होता.

“बाकडं कराणं शे. दारसमोर ठेवाले. घरनीसाठे.”

“आधी कधी करेल शे?”

“नही.”

“मंग तयार ले ना भाऊ. कशाले मरस?”

तयार बाकडं परवडणारं नव्हतं आणि प्लास्टिकची खुर्ची चालणारी नव्हती. मागच्या उन्हाळ्यात तसल्याच खुर्चीचा पाय मोडून उखाची बायको सरलाबाई भर गल्लीत आपटली होती. गुडघे आधीच अधू. तेव्हापासून तिला जमिनीवर बसता येईना आणि खुर्चीवर भरवसा ठेववेना. संध्याकाळी गल्लीतल्या बाया ओट्यांवर लसूण सोलत बसायच्या, आणि ही आत खाटेवर त्यांचं हसणं ऐकत पडून राहायची. परवा ती सहज म्हणाली, “आते माणसंसनी सवय मोडनी मनी.” सहजच म्हणाली, पण उखाला ते फार लागलं. पाळीभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

धुडकूनं पाइनची फळी दाखवली. स्वस्त, गुळगुळीत, पण पावसात एक वर्ष काढेल की नाही याची खात्री नाही. साल वृक्षाचं लाकूड उचलून पाहिलं तर दगडच. नवशिक्यानं ते कापायला घेतलं तर करवतीचे दाते जातील आणि माणसाचे खांदेही. शेवटी धुडकूनं कोपऱ्यातून एका पाडलेल्या घराच्या चौकटीचं जुनं सागवान ओढून काढलं.

“हाई ले. ऊन, पाऊस, समदं खाई बठेल शे.”

उखानं एका तुकड्यावर करवत चालवून पाहिली. दोन हात मारले आणि ती अडकली. त्यानं आणखी रेटा दिला. ती आणखी अडकली.

“जोर नको लावू. तिले जाऊ दे,” धुडकू म्हणाला. “दमेल माणूसच जोर लावस.”

उखानं हात सैल सोडला. करवत सरकायला लागली, भुसा खाली पडायला लागला. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी त्याच्या चालीनं चाललं होतं.

“आते सांग,” धुडकूनं कानावरची पेन्सिल काढली. “उची कितली?”

उखानं कमरेला हात लावला. “इतली.”

धुडकूला आधी थट्टाच वाटली. मग उखाचा चेहरा पाहून तो म्हणाला, “भाऊ, हाई तं टेबल व्हई जाई. इतलावर बाई बशी कशी?”

उखानं आपल्याच हाताकडे पाहिलं. लूमचा पुढचा आडवा दांडा बरोबर तिथे लागतो. तीस वर्षं, एक धागा तुटून दुसरा तुटेपर्यंत, त्या दांड्याला घटकाभर कुल्ला टेकवायचा, एवढाच त्याचा विसावा. टेकायची उंची त्याला झोपेतही सांगता आली असती. बसायची किती असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जे बसनार, तेना गुडघाइतलं,” धुडकू हलक्या आवाजात म्हणाला. “तिना गुडघा जमीनथून कितला शे?”

एकतीस वर्षांचं लग्न, आणि उखा हवेतच हात वर-खाली करून अंदाज घेऊ लागला.

धुडकूनं एक बारीक पट्टी आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. “जाय, खूण करी आण. लाकूड मी कोनले देत नही.”

उखा घरी पोचला तेव्हा सरलाबाई खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. एरवी पाळीहून तो येतो, चार घास खातो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. आज तो पट्टी घेऊन तिच्या पायांशी बसला. ती दचकली. पाय मागे ओढायला गेली, पण गुडघा वाकेना.

“पायले हात नका लावू. माले पाप लागी.”

“पायले कोण लावस? गुडघा मोजाना शे. तुले बाकडं करी ऱ्हायनू.”

“कशाले?”

“भायेर बसाले.”

पाय तिनं तसाच राहू दिला. उखानं पट्टी जमिनीवर उभी धरली आणि तिची साडी जराशी वर सरकवली. भाकरीला मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा गुडघा सुजला होता. वाटी कुठे, हाड कुठे, काही कळत नव्हतं. पेन्सिल कुठे टेकवावी तेच त्याला समजेना.

“हाऊ इतला कवय सुजना?” त्यानं विचारलं. लूम बंद असल्यासारखा, हळू आवाजात.

“तुम्हले रातपाळी लागनी, तवयपासून,” सरलाबाई म्हणाली. “दिवसभर तुम्ही झोपेल ऱ्हातस. कोणले सांगू?”