वाढलेला आकडा

सासूबाईंच्या हातून खणकन वाटी पडली. दोन दिवसांपूर्वी आरोग्य शिबिरात माझ्या रक्तातला अंडाशयाच्या कॅन्सरचा आकडा वाढलेला निघाला होता, तेव्हापासून मी रडत होते. त्या म्हणाल्या, “शिबिराच्या फारमावर दिवस गेल्याचं लिवलं होतं का वं?” मी म्हणाले, “तीन महिने बाहेर सांगू नको, असं तुम्हीच म्हटलं होतं!” “डॉक्टर का बाहेरचा हाये?” त्यांनी मला नि माझ्या लहान लेकीला थेट पुसदच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीची स्क्रीन आमच्याकडे वळवली. अंडाशय स्वच्छ होते, बाळाचं हृदय धडधडत होतं. “गरोदरपणात सुरुवातीला निरोगी बाईचाही हा आकडा वाढू शकतो. घाबरू नका.” परतताना एसटीत सासूबाईंनी कंडक्टरपासून सगळ्यांना ओरडून सांगितलं, “माही सून दोन जिवाची हाये!” मी पहिल्यांदाच पोटावर बिनधास्त हात ठेवला. मांडीवरच्या लेकीनं तिथं कान लावला. “आई, तू दोन दिवस रडून राह्यलती, तवा बाळबी आतमधे रडे काय?”