एकशे तेरावं वाक्य

थेरपिस्ट बाईंनी वही शेवटपर्यंत चाळली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. टेबलापलीकडे सर बसले होते, शेजारी त्यांची बायको. इथे सगळे तिला काकू म्हणत. सरांनी आदल्या दिवशीच वाक्यांना आकडे घातले होते. एकशे बारा.

काकूंना पक्षाघाताचा झटका आला, त्याला सहा महिने झाले. हातपाय सावरले, वाचा मात्र अर्धीच परत आली. वस्तूंची नावं येत, पुढचं काही येत नसे. "खिडकी," म्हणायच्या आणि थांबायच्या. खिडकी उघडायची, लावायची, की खिडकीत कोणी आलंय, हे समोरच्यानं ताडायचं. सर ताडत. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, त्याच्याविषयी जे बोलायचं ते विधेय, हे फळ्यावर लिहून लिहून त्यांचा उजवा खांदा कायमचा धरला होता. बायकोचं उद्देश्य शाबूत आहे आणि विधेय गेलंय, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं. त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही.

आज फॉर्म भरायचा होता. सहा महिन्यांत पेशंट स्वतःहून एकही पूर्ण वाक्य बोलला नाही, तर त्याची वेळ यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची, असा दवाखान्याचा नियम. पुढचा माणूस बाहेर बाकावर येऊन बसलाही होता. म्हणून तर सरांनी वही आणली होती. घरी काकू जे बोलतील ते रोज लिहून ठेवा, असं बाईंनीच सांगितलं होतं.

"सर, ही वाक्यं काकूंची?"

"तिचीच."

बाईंनी बोट ठेवून वाचलं. "'नळ हा गळणारा आहे.' 'चहा हा थंड झालेला आहे.' 'शेजारीण ही शिंकणारी आहे.'" त्यांनी हसू कसंबसं आवरलं. "घरात असं कोण बोलतं हो?"

सरांनी वही स्वतःकडे वळवून पाहिली. वाक्य हाती आलं की त्याचे तुकडे पाडायचे आणि शेवटी 'आहे' बसवायचं, ही वर्गातली जुनी खोड. त्यांच्या फळ्यावर घोडा कधी नुसता पळालाच नाही, घोडा हा नेहमी पळणारा असायचा. चोरी करावी आणि स्वतःची चप्पल तिथेच विसरून यावं, तसं झालं होतं.

मग त्यांनी सांगून टाकलं. ती 'नळ' म्हणायची. नळ गळतोय हे दोघांनाही ऐकू येतच असायचं. पुढचं तेवढं ते म्हणायचे, ती मान हलवायची, ते लिहून घ्यायचे. यात खोटं काय झालं ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"एकेचाळीस वर्षांचा संसार आहे," ते म्हणाले. "तिला काय म्हणायचंय ते मला कळतं."

"कळत असेल. पण मग त्यांनी बोलायचं कशाला?"

बाईंचा आवाज चढला नव्हता. सकाळपासूनच्या पाचव्या पेशंटपुढे आवाज चढवायला ताकद लागते. सरांकडेही भांडायला ती उरली नव्हती. पहाटेपासून पाणी तापवणं, गोळ्या, कपडे, काकूंची वेणी, मग दोन बस बदलून इथवर येणं. शर्टाची बटणं एक काज चुकून लागली होती आणि ते त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी वही मिटून फॉर्म पुढे ओढला. आता इथे, त्यांच्यासमोर, एक वाक्य. त्यांनी सरांकडे बोट दाखवून काकूंना यांच्याबद्दल काहीही सांगा म्हटलं. सरांना बजावलं, तोंड उघडायचं नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

"हे," काकू म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला हेच म्हणत आल्या होत्या. तिथे त्या अडकल्या.

सरांच्या जिभेवर पुढचा शब्द तयार होता. शिकवतात. घरी शंभरदा घोटून घेतलेला. शिकवतात म्हण ना. नाहीतर बोलतात म्हण. रागावतात म्हण, तेही चालेल. त्यांनी ओठ दातांखाली धरले. काकूंनी रुमालाचा बोळा केला, उलगडला, पुन्हा केला. बाहेर बाकावरचा माणूस खोकला. हिची वेळ जाणार आणि ती आपल्यामुळे जाणार, असं सरांना वाटलं. सहा महिने त्यांनी तिची वाक्यं इतक्या भराभर संपवली होती, की तिला एकदाही शेवटापर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे, मग बटणांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"हे," त्या परत म्हणाल्या. बराच वेळ गेला. "हे... दमले."

बाईंनी फॉर्मवर 'पूर्ण वाक्य'पुढे बरोबरची खूण केली. मग वही उघडून सरांपुढे सरकवली आणि हे वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगितलं.

सरांनी पेन काढलं. एकशे तेरा, असा आकडा घातला. 'हे' लिहिलं. पुढे हात चालेना. विधान खरं की खोटं, एवढंच ते जन्मभर तपासत आले होते.

"खरंय," ते म्हणाले. पेन खाली ठेवलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.