दोन बोटं जास्त

“मॅडम, एवढीशी बॅग बाहेर लटकली म्हणून काय वाट अडते का?” बॅगवाले अध्यक्ष म्हणाले.

ते दुकानदार संघाचे अध्यक्ष होते आणि ‘एवढीशी बॅग’ म्हणजे लोखंडी रॅकभर बॅगा होत्या. बाजारात गाड्यांना बंदी होती, माणसांना नव्हती. तरी चालणाऱ्याला अंग चोरूनच चालावं लागे. ‘फुटपाथ मोकळा ठेवा’ असा सरकारी बोर्ड बाजाराच्या तोंडाशीच होता. त्यालाही अध्यक्षांनी दोन पर्स अडकवल्या होत्या.

बाईंनी गळ्यातली टेप काढून तिचं एक टोक दुकानाच्या पायरीशी दाबलं, दुसरं पुढे ओढलं, आणि चपट्या निळ्या खडूने फरशीवर रेघ मारली.

“इथपर्यंत तुमचं. पुढचं चालणाऱ्यांचं. आणि दोन बोटं जास्तच सोडा, नंतर आटतं.”

“फुटपाथ आटतो?”

“तुमच्या बाजारातला रोज आटतो.” बाईंनी वर पाहिलं. “छताची झालरही फार खाली आलीय.”

“कापायची?” अध्यक्षांचा चेहरा उतरला.

“कशाला? आत दुमडून घ्या. शनिवारी सकाळपर्यंत.”

एवढं बोलून त्या पुढच्या दुकानाकडे वळल्या. शनिवारी या तोंडापासून त्या टोकापर्यंत सलग वाट मिळायलाच हवी होती. आधी दोनदा प्रयत्न झाला होता, आणि दोन्ही वेळा याच रॅकपाशी घोडं अडलं होतं. चारचौघांत मानहानी झाली ती वेगळीच. तेव्हा अध्यक्षांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. तिसरी संधी बाईंनी विनवण्या करकरून मिळवली होती. हीही फसली, तर विषय कायमचा संपणार होता.

पण त्या पोहोचायच्या आधी टेपची बातमी पोहोचत होती. चपलांचा ढीग आपोआप दुकानात शिरला. प्लास्टिकच्या बादल्या एकीत एक बसल्या. कपडेवाल्याने आपले दोन्ही पुतळे काखेत मारले, तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं. तो गारठलाच. त्यांनी पुतळ्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली, “डावा खांदा उतरतोय बघा,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

“भलतीच कडक बाई आहे,” कपडेवाला शेजाऱ्याला म्हणाला. “पुतळ्यालाही सोडलं नाही!”

भांडीवाल्याच्या दारात टोपीवाला शिपाई बसला होता. फुटपाथवर लक्ष ठेवणं हीच त्याची सरकारी नोकरी, आणि ती तो वर्षानुवर्षं फुटपाथवरच खुर्ची टाकून, चहा पीत करत आला होता. बाईंनी त्याच्या खुर्चीचंही माप घेतलं.

टोपीवाला ताडकन उठला. “मॅडम, तुम्ही वरून आलात का?”

“खुर्ची आत घ्या.”

त्याने खुर्ची आत घेतली. मग बऱ्याच वर्षांनी खिशातली शिट्टी काढून पुसली आणि बाजारभर अशी फुंकली, की भांडीवाल्याच्या हातातला पेला पडला. दोन दिवसांत निळ्या रेघेच्या आत सगळा बाजार गुमान बसला. गिऱ्हाइकं आरामात चालू लागली, थांबू लागली, दुकानात डोकावू लागली.

शुक्रवारी अध्यक्षांनी रॅक पुन्हा बाहेर काढला. रेघेच्या पार पुढे.

बाई आल्या. बाजाराचे कान टवकारले.

“आणि नाही घेतला आत तर?” अध्यक्षांनी हाताची घडी घातली. “काय कराल?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी जे खरं होतं तेच सांगितलं.

“मी काहीच करणार नाही. उद्या सकाळी इथून जे जाणार आहेत, त्यांच्या तोंडाकडे बघून तुम्हीच सांगा, की वाट देत नाही.”

त्या निघून गेल्या. मग अध्यक्षांनी रॅक आत ओढला, झालर दुमडली आणि बोर्डावरच्या पर्सही काढून घेतल्या.

शनिवारी फुटपाथ धुऊन निघाला होता. सगळे दुकानदार आपापल्या रेघेच्या आत रांगेने उभे होते. टोपीवाल्याने टोपी झटकली होती.

आणि बाजाराच्या तोंडाशी खुर्ची दिसली. चाकांची खुर्ची, तिच्यात कडक इस्त्रीच्या शर्टातले वयस्क साहेब, आणि मागे स्वतः बाई. साहेबांचा पाय दुखावला असावा, तरी कामाला आले, असं म्हणत बाजाराने मनातल्या मनात हात जोडले. अध्यक्षांनी प्रत्यक्षातच जोडले.

“साहेब, बघून घ्या. पार टोकापर्यंत मोकळं!”

साहेबांनी समोर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. खुर्ची रॅकच्या जागेवरून न अडखळता पुढे गेली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरली. टोपीवाल्याने सलाम ठोकला. बाईंचा ऊर असा भरून आला, की त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं.

“अगं,” साहेब मान वळवून हळूच म्हणाले, “हे सगळे मला नमस्कार का करतायत?”

“करू द्या. तुम्ही मान ताठ ठेवा.”

मागे सगळा बाजार चालत टोकापर्यंत आला. तिथे बंद गाळ्यासमोर खुर्ची थांबली. बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि शटर वर ढकललं. आत दोन शिलाई मशिनी होत्या, आणि खुर्चीत बसून कापड कापता येईल एवढं खाली उतरवलेलं टेबल.

बाईंनी गळ्यातली टेप काढून नवऱ्याच्या गळ्यात घातली आणि तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या अध्यक्षांना हात धरून आत घेतलं.

“अहो, पहिलं माप यांचंच घ्या,” त्या म्हणाल्या. “मी फक्त यांच्या दुकानाचं घेतलंय.”